पसंतीयादीतील पहिल्या मानाची हकीकत

श्री गजानन सन्मुख, कुलदेवता पाठीशी, आणि वीज असेपर्यंत इंटरनेट चालू. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सर, ज्येष्ठ वद्य पंचमी, सोमवार, ते दिवशी राज्यात जे वर्तमान जाहले, ते मुळापासून लिहिले आहे. राज्य थोर. पूर्वेस एस.टी. स्टँड, पश्चिमेस पिठाची गिरणी, उत्तरेस मुनाफभाईंचे ऑनलाइन फॉर्म भरण्याचे दुकान, आणि दक्षिणेची सीमा शेजाऱ्यांशी वादात. मधोमध चार खोल्या आणि पत्र्याची एक पडवी, तेथे महाराज नागनाथराव राज्य करीत. महाराजांचा हुद्दा पाणाड्याचा. सोललेला नारळ शेंडीसकट तळहातावर आडवा घेऊन रानातून चालावे, आणि जेथे नारळ आपसूक उभा राहील तेथे "इथं घ्या बोअर" म्हणून सांगावे, ऐसे चाळीस वर्षे चालले. कित्येक ठिकाणी पाणी लागले आणि कित्येक ठिकाणी नुसता धुरळा उडाला, पण महाराजांनी मनगट हलवून नारळ उभा केला ऐसे कोणी म्हटले नाही, कारण तसे त्यांनी कधी केलेच नव्हते.

महाराजांस कन्या एक, नाव तेजल. ती बारावीचा गड चौऱ्याऐंशी टक्क्यांनी सर करून आली, आणि पेढे वाटून होतात न होतात तोच मुनाफभाईंचा फोन आला की, विद्यापीठाचा फॉर्म सुटला आहे, त्यात पाच शाखा पसंतीच्या क्रमाने लिहून द्याव्या, मुदत आठ दिवस. मग महाराजांनी मसलत बोलाविली. मसलतीस महाराजांच्या वडील भगिनी थोरल्या आक्कासाहेब आल्या. त्या दोन गल्ल्या सोडून राहत, आणि बारशाचे बोलावणे असो की लग्नाची पत्रिका असो, राज्यातील कोणतीही यादी त्यांच्या नावाखेरीज सुरू होत नसे. एकदा छापखानेवाल्याने त्यांचे नाव दुसऱ्या ओळीत घातले, तेव्हा पाचशे पत्रिका पुन्हा छापविल्या आणि पहिल्या पाचशेंच्या कोऱ्या पाठीवर राज्यातील चिठ्ठ्याचपाट्या आजतागायत लिहिल्या जातात. राणीसाहेब सुलोचनाबाई चहा घेऊन आल्या, आणि त्यांचे बंधू दिनकरमामा, जे तहसिलीत कारकून, ते अक्षर चांगले म्हणून लेखणी घेऊन बसले.

आक्कासाहेब बोलिल्या, "कॉम्प्युटर घाला. आमच्या ह्यांच्या पुतण्यानं घेतला होता, तर पुण्यात सातव्या मजल्यावर राहतोय. लिफ्ट बंद पडली तरी खाली उतरत नाही, सगळं वरच येतं त्याला." मग मामा बोलिले, "संख्याशास्त्र असू द्या. बँकेच्या परीक्षेला बरं पडतं." राणीसाहेब बोलिल्या, "आहारशास्त्र बरं. काहीही झालं तरी माणसं जेवायची थांबत नाहीत." मग सर्वांनी महाराजांकडे पाहिले आणि महाराज बोलिले, "लिहा रसायनशास्त्र. मी पण काहीतरी सांगितलं पाहिजे ना." इतके होईतो कन्येस कोणी पुसले नव्हते. ती खिडकीत बसली होती, तेथूनच म्हणाली, "मला भूगर्भशास्त्र पाहिजे."

यावर महाराजांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला, आणि त्याचे कारण ऐसे की, गतवर्षी जगदाळ्यांच्या मळ्यात चिंचेखाली महाराजांचा नारळ ताठ उभा राहिला होता, आणि जगदाळ्यांच्या धाकट्या लेकाने शहरातून भूगर्भशास्त्राच्या एक बाई आणविल्या होत्या. त्यांनी जमिनीत लोखंडी सळ्या ठोकल्या, वायरी लावल्या, यंत्राच्या डबीवरचे आकडे वहीत लिहिले, आणि म्हणाल्या, इथे नाही, साठ फूट पलीकडे. जगदाळ्यांनी दोन्हीकडे बोअर घेतले. चिंचेखाली फुफाटा आला आणि साठ फूट पलीकडे पाणी आले. त्या दिवशी तेजल महाराजांचा डबा घेऊन मळ्यात गेली होती आणि त्या बाईंच्या वायरीचे टोक धरून दुपारभर उभी राहिली होती. महाराज डबा न खाता घरी आले होते. तेव्हापासून त्यांजपुढे भूगर्भ हा शब्द कोणी काढत नसे.

मग मामांनी पुसले, "क्रम कसा लावायचा?" आक्कासाहेब बोलिल्या, "क्रम काय विचारतोस दिनकर, पत्रिकेत असतो तसा." तेव्हा मामांनी एका जुन्या पत्रिकेच्या पाठीवर पहिला मान आक्कासाहेबांच्या संगणकास दिला, दुसरा महाराजांच्या रसायनास, मग आपले संख्याशास्त्र, मग राणीसाहेबांचा आहार, आणि तळाशी, जेथे पत्रिकेत 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' ऐसे पोरांच्या तोंडी घालतात, तेथे कन्येचे भूगर्भशास्त्र लिहिले, आणि हात सवयीचा म्हणून बाजूस एक पोपटही काढला. शेवटची ओळ पाहून महाराजांस बरे वाटले, आणि बरे वाटले याचे मागाहून वाईट वाटले. मग मुनाफभाईंनी ती पत्रिका समोर धरून त्याच क्रमाने फॉर्म भरला, पोपट तेवढा वगळला.

पुढे सात दिवस गेले आणि राज्यात दोन शिष्यवृत्त्यांची पत्रे आली. पहिले ज्ञातीच्या मंडळाचे: फी संपूर्ण देऊ, पण शाखा संगणकाची असावी, आणि दर वर्षी मेळाव्यात विद्यार्थिनीने अध्यक्षांशेजारी उभे राहून फोटो काढून घ्यावा. दुसरे पाण्याचे काम करणाऱ्या एका संस्थेचे: फी अर्धी आणि वसतिगृह फुकट, पण शाखा भूगर्भशास्त्राची असावी आणि यादीत ती पहिल्या क्रमांकास असावी, कारण आम्हांस मनापासून मागणारी मुलगी पाहिजे. दोन्ही पत्रे घेऊन महाराज आणि कन्या पंचमीच्या दुपारी मुनाफभाईंकडे गेले, तेव्हा मुनाफभाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "नागनाथकाका, यादी तशीच ठेवायची ना? पहिल्या नंबरचं मिळालं की कुलूप लागतं. मग दुसरं काही मागता येत नाही. हिच्या मार्कांना कॉम्प्युटर नक्की मिळतोय."

महाराज म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं घरात ठरलंय. तुम्ही यादी पत्रिकेवर आणली होती काका, मी काय बोलणार? आज पाचपर्यंत बदलता येईल."

तेव्हा घड्याळात तीन वाजत होते. महाराजांनी कन्येकडे पाहिले. ती म्हणाली, "बाबा, कॉम्प्युटर मिळाला तर तो शिकेन, रडत बसणार नाही. सगळी फी मिळतीय ते पण कळतंय मला. पण त्या बाईंनी वायर धरायला दिली ना, तेव्हा खाली काय आहे ते मला बघायचं होतं. अजून बघायचंय." महाराज तडक घरी आले आणि म्हणाले की पहिला मान हलविणे आहे, तर आक्कासाहेबांकडे वकिली कोण करतो. मामा म्हणाले, "मी सरकारी नोकर, मला यात घेऊ नका." राणीसाहेब म्हणाल्या, "मी गेले तर भावजयीनं नाव खाली ओढलं म्हणतील. तुमची बहीण, तुम्हीच जा." मग महाराजांनी पडवीतला नारळ काखेत मारला, पत्रिका खिशात घातली, आणि एकट्याने कूच केले.

आक्कासाहेब पायरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. महाराजांनी पत्रिका पायरीवर पसरली, तळहातावर नारळ आडवा घेतला, आणि एकेका ओळीवरून हात सावकाश नेला. संगणकावर नारळ निजलेला राहिला. रसायनावर, संख्येवर, आहारावर निजलेला राहिला. भूगर्भावर आला आणि शेंडी वर करून उभा राहिला. आक्कासाहेबांनी हातातली पाकळी सोलून पुरी केली आणि म्हणाल्या, "नागू, तुझं मनगट हललं."

"हललं, आक्का."

"कधी हलत नव्हतं ना?"

"नव्हतं."

"जगदाळ्यांच्या मळ्यात?"

"तिथं आपोआप उभा राहिला. आणि पाणी नव्हतं."

"आणि इथं?"

महाराज म्हणाले, "इथं आहे."

मग आक्कासाहेबांनी आणखी दोन पाकळ्या सोलल्या आणि पुसले, "अर्धी फी कोण भरणार? मंडळ सगळी देत होतं. मी सगळ्या बायकांना सांगून ठेवलंय." महाराज म्हणाले, "नारळच भरील. अजून तीन वर्षं लोक बोलावतील मला." त्या म्हणाल्या, "ती शिकून आल्यावर नाही बोलावणार." महाराज म्हणाले, "तोवर फी भरून झालेली असेल." तेव्हा आक्कासाहेब लसणाची साले झटकून उठल्या आणि बोलिल्या, "मग ठीक आहे. तिला वर घाला आणि मला तिच्या जागी खाली. पण पोपट माझ्या ओळीला पाहिजे. इतकी वर्षं पहिल्या ओळीत आहे मी, तिथं कुणी एक फूल काढलं नाही."

मग साडेचार वाजता, वाटेत मामांसही संगे घेऊन, स्वारी मुनाफभाईंच्या दुकानी दाखल जाहली. आक्कासाहेब जातीने खुर्ची ओढून संगणकासमोर बसल्या आणि मुनाफभाईंनी भूगर्भशास्त्र पहिल्यास आणि संगणक पाचव्यास नेले. आक्कासाहेब म्हणाल्या, "पोपट?" मुनाफभाई म्हणाले, "मावशी, पोपट अपलोड होत नाही." त्या म्हणाल्या, "नुसतं बारकं डोकं तरी?" ते म्हणाले, "फक्त फोटो आणि सही होते, मावशी. तीही पन्नास केबीच्या आत." तेव्हा पाचास दहा मिनिटे होती. शेवटी तोड निघाली की, फॉर्म बंद करावा, पावती छापावी, आणि पावतीवर पाचव्या ओळीपाशी मामांनी हाताने पोपट काढावा. मामा सरकारी कागदावर रेघ ओढण्यास कचरत होते, पण आक्कासाहेबांनी नुसते पाहिले आणि पोपट जाहला, चोचीसकट.

येणेप्रमाणे वर्तमान. पुढे पहिल्याच फेरीत कन्येस भूगर्भशास्त्र मिळाले, अर्धी फी संस्थेने दिली, अर्धी नारळाने दिली, आणि पोपटाची पावती आक्कासाहेबांच्या देव्हाऱ्याशेजारी चिकटविली आहे, येत्याजात्यास दाखविली जाते. मंडळाच्या मेळाव्यात अध्यक्षांनी फोटो एकट्याने काढला. महाराज अद्याप पाणी दाखवावयास जातात. फरक इतकाच की, पूर्वी नारळ उभा राहिला म्हणजे ते जमिनीकडे पाहत, हल्ली आधी मनगटाकडे पाहतात, बराच वेळ पाहतात, आणि मग मळेवाल्यास म्हणतात, "घाई नसेल तर दिवाळीपर्यंत थांबा. आमची माणसं वायर घेऊन यायची आहेत." ऐकले तितके लिहिले, राहिले ते मळ्यात जाऊन पुसावे. इति.