सातव्या पूर्वजाचा प्रवासभत्ता

माणसाला आपल्या पूर्वजांची माहिती हवी असेल, तर आधी पूर्वजांची संपूर्ण माहिती सादर करावी लागते. याच भक्कम पायावर 'आदिवासी समाज दप्तर-संशोधन प्रवास साहाय्य योजना' उभी आहे, आणि तिचे लातूर-नांदेडचे समन्वयक राजशेखर त्या पायावर गेली चार वर्षं खुर्ची टाकून बसले आहेत.

योजनेचा हेतू थोर आहे. आदिवासींची गाणी, फोटो, वंशावळी पूर्वी कोणी ना कोणी साहेब टिपून घेऊन गेले. ते सगळं आता दूरच्या शहरातल्या एका थंडगार संग्रहात सुखरूप आहे (आदिवासींपासूनसुद्धा). ज्यांचं ते, त्यांना जाऊन पाहता-ऐकता यावं म्हणून जाण्यायेण्याचं भाडं द्यायचं. चार वर्षांत एकोणसाठ प्रवास झाले. पैकी सत्तावन्न योजना कशी राबवावी हे ठरवण्यासाठी, एक त्या सत्तावन्नांच्या मूल्यमापनासाठी, आणि एक चुकून अर्धापूरच्या केळी उत्पादकांच्या मेळाव्याला झाला (जेवण उत्तम होतं).

साठाव्या प्रवासाचा अर्ज इस्लापूरजवळच्या एका वस्तीवरून आला. अर्जदार सरजाबाई, वय अंदाजे सत्तर. तिच्या घराण्यात माणूस गेला की पूर्वजांना ओळीनं, नाव घेऊन हाक मारतात. पहिला आला की दुसऱ्याला, दुसरा आला की तिसऱ्याला, असे अकरा. सगळे जमले की ते गेलेल्याला आपल्यात घेतात. सातव्याला हाक गेली नाही तर आठवा जागचा हलत नाही. या समाजाची ही एक गोष्ट राजशेखरांना मनापासून पटली. पूर्वजसुद्धा योग्य मार्गानेच येतात.

सरजाबाईचा भाऊ ऐन पोळ्याच्या दिवशी वारला. नावं घेणारा तोच शेवटचा होता, आणि सरजाबाईला सातवं नाव काही केल्या आठवेना. मात्र तिच्या बापानं एका साहेबाच्या यंत्रात कधीकाळी पुरी ओळ म्हटली होती. ती टेप त्याच संग्रहात होती.

"भाऊ माझा उंबऱ्याबाहेर उभा हाय," ती कार्यालयात येऊन म्हणाली. "लई न्हाई सायेब, एक नाव ऐकू द्या."

राजशेखर हळहळले. खरोखर हळहळले, चहासुद्धा मागवला. मग त्यांनी अर्जातली त्रुटी दाखवली. अकरा पूर्वजांची नावं अनुक्रमे भरायची होती आणि सातवा रकाना कोरा होता. कोरा रकाना संगणक घेत नाही.

"तेच तर ऐकायला जाऊन राहिले," सरजाबाई म्हणाली.

"खरंय. पण नाव असल्याशिवाय ही वंशावळ तुमचीच कशावरून?"

"मंग भाड्याचं माझं मी बघते. निस्ती आत सोडायची चिठ्ठी द्या."

राजशेखरांनी नियम पाहिला. चिठ्ठी फक्त साहाय्य मिळालेल्यांना देता येते. जी बाई स्वतःच्या पैशानं जाऊ शकते, तिला साहाय्याची गरज नाही, आणि जिला गरज नाही तिला चिठ्ठी नाही.

पण राजशेखर अडवणूक करणाऱ्यांतले नव्हते. प्रत्यक्ष पडताळणीची तरतूद त्यांनीच शोधून काढली. तीन तज्ज्ञ घेऊन ते इस्लापूरला गेले (वाटेतला सहस्रकुंडचा धबधबा पडताळणीतच धरला). सरजाबाईनं अंगणात बसून सहा नावांना हाक मारली आणि ती थांबली. तज्ज्ञांनी हाकाही ध्वनिमुद्रित केल्या आणि थांबणंही. थांबणं सव्वा मिनिट भरलं.

उरलेल्या पडताळणीसाठी चौघे दूरच्या शहरात गेले आणि थंडगार खोलीत तिच्या बापाचा आवाज ऐकत बसले. सहा नावं तंतोतंत जुळली. मग सातवं आलं. राजशेखरांच्या अंगावर काटा आला. अहवालात तशी नोंद आहे.

आता ते नाव राजशेखरांना पाठ आहे. पण समाजाच्या हक्कांचं रक्षण व्हावं म्हणून संग्रहातला मजकूर बाहेरच्या माणसाला सांगता येत नाही, आणि ज्याचा अर्ज अपूर्ण, तो नियमानं बाहेरचाच. तरी त्यांना चैन पडेना. एका दुपारी त्यांनी अर्जावरच्या शेजाऱ्याच्या नंबरवर फोन लावून सरजाबाईला बोलावून घेतलं.

"सातवं नाव आठवलं का?"

"न्हाई, सायेब."

"आठवलं की लगेच कळवा. त्याच दिवशी मंजूर करतो."

फोन ठेवून त्यांनी पाठपुराव्याची नोंद केली. मग वार्षिक अहवालाला लागले.

अहवालात सात लाभार्थ्यांची यादी जोडावी लागते. राजशेखर, तीन तज्ज्ञ, गाडीचा चालक आणि मूल्यमापन अधिकारी अशी सहा नावं सहज झाली. सरजाबाईचं घालता आलं नाही, तिचा अर्ज विचाराधीन आहे आणि भाऊ बाहेर उभा आहे. पण एका समाजाच्या घरातली गोष्ट कुठलाही अर्ज न भरता, घरबसल्या ज्याला वाचायला मिळाली, तोही नियमाप्रमाणे लाभार्थीच ठरतो. शिवाय कोरा रकाना संगणक घेत नाही. म्हणून सातव्या जागी तुमचं नाव घातलं आहे.