सासूबाईंचा प्रिंटर

जावई पुलांचा इंजिनियर होता. पण सासूबाईंच्या लेखी इंजिनियर म्हणजे इंजिनियर. मग तो पुलाचा असो की प्रिंटरचा. म्हणून रविवारी दुपारी त्या आपला जुना प्रिंटर चादरीत गुंडाळून लेकीच्या घरी घेऊन आल्या. मागोमाग सासरे आले.

"जावईबापू, हा आता तुमचा," सासूबाई म्हणाल्या. "यांच्यासाठी मी हौसेनं घेतला होता. यांची सगळी भाषणं यावरच छापलेली. आजचंही यावरच छापा. सहाला मित्राचा सत्कार आहे, आणि हातात कागद नसला की यांची बोबडी वळते."

सासरे खिडकीबाहेर बघत होते.

जावयाने प्रिंटर आतल्या खोलीत नेला. त्याच्या वायरचं तोंड तळहाताएवढं रुंद, आणि घरच्या नव्या कॉम्प्युटरची भोकं नखाएवढी. पण 'जमणार नाही' म्हणायला लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. त्याने बाजारातून जोडवायर आणली. दिवा लागला. मग कॉम्प्युटरने ड्रायव्हर मागितला. ड्रायव्हर होता, पण फ्लॉपीवर, आणि फ्लॉपी घालायला घरात फट नव्हती. शेवटी त्याने इंटरनेटवरून प्रिंटरच्या भावकीतला एक ड्रायव्हर उतरवला. प्रिंटरने तो गोड मानून घेतला आणि एका पानावर एक प्रश्नचिन्ह छापलं. दुसऱ्या पानावर दुसरं. साठाव्या प्रश्नचिन्हाला जावयाने वायर उपटली.

"झालं का?" बाहेरून सासूबाईंनी विचारलं.

"होतंय," जावई म्हणाला. पाच वाजायला आले होते.

बायको आत आली. "अरे, खरं सांगून टाक ना."

"आई एवढ्या कौतुकानं घेऊन आल्यात. कसं सांगू? आणि मी इंजिनियर आहे."

"पुलांचा."

तेवढ्यात त्याला प्रिंटरच्या पुस्तिकेत एक ओळ सापडली. बटण दाबून धरून प्रिंटर सुरू केला, की तो कॉम्प्युटरशिवायच स्वतःची चाचणी घेतो आणि एबीसीडी छापत बसतो.

"तू भाषण पेनड्राइव्हवर घेऊन मागच्या जिन्यानं झेरॉक्सच्या दुकानात जा," तो कुजबुजला. "मी इथे आवाज करतो."

प्रिंटर अख्खी इमारत ऐकेल असा करकरू लागला. बाहेर सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या, "ऐका. अजून कसा खणखणीत आहे."

वीस मिनिटांनी बायको धापा टाकत परतली आणि घामाघूम जावयाने चार पानं बाहेर नेऊन दिली. सासूबाईंचे डोळे भरून आले. "मी म्हणत नव्हते?" म्हणत त्या चहा टाकायला गेल्या.

सासऱ्यांनी कागद बोटांनी चाचपला. "कोपऱ्यावरचं दुकान?" त्यांनी हळूच विचारलं.

जावयाचा चेहरा पडला. "बाबा, मी..."

"वीस मिनिटं फार झाली. मी चाचणी लावून, खोली बंद करून मागच्या दारानं जायचो. दहा मिनिटांत परत."

"म्हणजे हा कधी..."

"एकदाही नाही. हिनं इतक्या हौसेनं आणलेला, सांगायचा धीरच झाला नाही."

जावयाला सासऱ्यांविषयी पहिल्यांदाच माया वाटली. दोघे गालातल्या गालात हसत होते, तोच स्वयंपाकघरातून आवाज आला, "जावईबापू, आमच्या मंडळाचं मासिक आहे, ऐंशी पानांचं. तेही इथेच छापू या."

सासऱ्यांनी भाषण खिशात घातलं.

"त्या दिवशी चाचणी तुम्ही लावा," ते म्हणाले. "दुकानात मी जातो."