संस्थापकांचे छायाचित्र कृष्णधवल असावे

रक्तदान करवणाऱ्या 'रक्तसोबती' संस्थेच्या युसूफ वडगाव शाखेच्या संकेतस्थळावर, पहिल्याच पानावर, एकूण एकशे सहा वस्तू होत्या. त्र्याण्णव छायाचित्रं, चार सरकत्या ओळी, सहा ठिकाणी लुकलुकणारं 'नवीन!', पंख हलवणारी दोन कबुतरं आणि भेट देणाऱ्यांची संख्या दाखवणारा एक आकडा. तो २०१४ पासून चार हजार बारावर अडकून बसला होता. प्रियदर्शनीनं हे सगळं दोनदा मोजलं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या माणसाला एकदा मोजून चैन पडत नाही!

"तीन तासांचं काम आहे, काका!" ती शहादेवकाकांना म्हणाली. "फार तर साडेतीन!"

शहादेवकाका शाखेचे सचिव. स्टँडसमोर त्यांचं फ्लेक्स छापायचं दुकान. दुकानात नमुने दोनच. रंगीत फोटो म्हणजे वाढदिवस, काळापांढरा फोटो म्हणजे श्रद्धांजली. या दोन नमुन्यांवर काकांनी दोन मजली घर बांधलं होतं.

घोर लावला होता पुण्याहून आलेल्या पुस्तिकेनं. सगळ्या शाखांची संकेतस्थळं एकसारखी दिसावीत म्हणून मध्यवर्ती कार्यालयानं एकतीस नियम काढले होते. रंग दोनच. छायाचित्रं पाचच. सरकणारं, लुकलुकणारं, उडणारं काहीही नको. एकतीस मेच्या संध्याकाळी पाचपर्यंत जी शाखा हे नियम पाळणार नाही आणि वर्षभरात रक्ताच्या चाळीस पिशव्या जमवणार नाही, तिचं पान बंद! मग युसूफ वडगाव अंबाजोगाईच्या पानावर, तळाशी, एका ओळीत.

"पिशव्या अकरा झाल्यात," काका म्हणाले. "डिसेंबरात शिबिर ठिवलं आन् निम्मं गाव ऊसतोडीला! रक्त काय इजेच्या खांबाचं काढायचं का?"

"आता सगळे परत आलेत ना? पिशव्यांचं तुम्ही बघा. डिझाइन माझ्यावर सोडा!"

डिझाइन तिच्यावर सुटलं आणि तिथंच ती अडकली. कारण पुसायला बसली की एकेक फोटो तिच्याकडं बघायचा.

हे पान रामहरीअण्णांनी २०१० साली केजच्या नेट कॅफेत बसून करून घेतलं होतं. अण्णा ऊसतोडीचे मुकादम. एकदा कारखान्यावर टोळीतल्या बाईला रक्त लागलं, तेव्हा अण्णा रात्रभर अनोळखी गावात दारं वाजवत फिरले. परत आल्यावर त्यांनी वहीत रक्तगट लिहायला सुरुवात केली, आणि वही भरल्यावर 'रक्तसोबती'ची शाखा आणि संकेतस्थळ काढलं. त्यांचा नियम एकच होता. ज्यानं रक्त दिलं, त्याचा फोटो पहिल्या पानावर!

सदतिसाव्या फोटोत प्रियदर्शनीचे वडील खाटेवर आडवे होते आणि शेजारी नऊ वर्षांची ती, दोन वेण्या, हातात वडिलांसाठी आलेला बिस्किटांचा पुडा. पुडा अर्धा संपलेला होता. तो फोटो बघायला ती अण्णांबरोबर जीपनं केजला गेली होती. फोटो वरून खाली हळूहळू उलगडत यायचा. आधी वडिलांचे केस आले. मग कपाळ. मग भुवया. नाकापर्यंत यायला नऊ मिनिटं लागली आणि लाईट गेली! अण्णा म्हणाले होते, "निम्मा बाप दिसला ना? उरलेला घरी हाय."

प्रियदर्शनीनं त्र्याण्णव फोटो एका फोल्डरमध्ये नीट ठेवले. या सगळ्यात तीन तासांचे सहा दिवस झाले.

शेवटी नियम आठवा उरला. 'संस्थापकांचे छायाचित्र कृष्णधवल असावे. पार्श्वभूमी पांढरी. खाली नाव व कार्यकाळाची वर्षे. त्याखाली संस्थेचे चिन्ह व घोषवाक्य.' अण्णांनी जानेवारीतच अध्यक्षपद सोडलं होतं. तिनं त्यांचा फेट्यातला फोटो काळापांढरा केला. खाली 'रामहरीअण्णा, २०१०–२०२५'. त्याखाली संस्थेचं चिन्ह, ओंजळीतला रक्ताचा थेंब. तोही नियमानुसार करडा, त्यामुळे हुबेहूब पणती! आणि घोषवाक्य : 'देऊन गेले, उरून राहिले.'

गुरुवारी सकाळी अकरा वाजता तिनं पान चढवलं, एकतीसही नियमांपुढं बरोबरची खूण केली आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या कामासाठी अंबाजोगाईची एसटी पकडली. प्रयोगशाळेत फोन बंद ठेवायचा होता.

ती साडेपाचला परतली आणि स्टँडवर उतरली.

समोर दहा बाय पंधराचा फ्लेक्स! त्यावर काळेपांढरे रामहरीअण्णा. 'भावपूर्ण श्रद्धांजली. शनिवारी सकाळी नऊपासून अण्णांच्या स्मरणार्थ रक्तदान शिबिर.'

"काका!" ती समोरच्या दुकानात धावली.

"गेला गं आपला माणूस," शहादेवकाकांनी उपरण्यानं डोळे पुसले. "पक्की खबर हाय."

"कधी? कशानं?"

"ते काय कळंना. घराला कुलूप. दोघं नवरा-बायको लेकीकडं, मंगलकडं तलवाड्याला गेलते, तिकडंच उरकलं असंल. फोन लावला तर आत कुलपाआड वाजतोय! लेकीचा नंबर त्याच फोनात. काय करावं माणसानं?"

घरी आई, मुक्ताबाई, चूल न पेटवता बसली होती. "परवाच मला म्हणले, मुक्ते, पोरगी लई हुशार निघाली तुझी." दोघी मायलेकी रडल्या. मग प्रियदर्शनीनं डोळे पुसले. अण्णांना श्रद्धांजली एकच, रक्त! तिनं शुक्रवारचा दिवस याद्या करण्यात घालवला. रक्तगट, वय, वजन, मागच्या रक्तदानाची तारीख. गावाची एवढी अचूक यादी आजवर कुणी केली नव्हती. फक्त मेलेला माणूस मेला आहे का, हा रकाना त्यात नव्हता.

शनिवारी, एकतीस मेला, शाळेच्या मैदानात अंबाजोगाईहून रक्तपेढीची गाडी आली आणि गाव लोटलं! अण्णांच्या टोळीतले सगळे आले. सदतीस नंबरच्या फोटोतले वडीलही आले. पहिली पिशवी प्रियदर्शनीनं स्वतःची दिली. जो तो आपला जुना फोटो आठवत होता. "माझा दुसऱ्या ओळीत व्हता, कबुतराच्या खाली!" "माझ्या फोटूत डोळं झाकल्यालं, अण्णा म्हणले राहू दे, रक्त काय डोळ्यातनं काढलंय व्हय!"

तीन वाजेपर्यंत अठ्ठावीस पिशव्या झाल्या. अकरा आणि अठ्ठावीस, एकोणचाळीस. रांगेत अजून बाराजण होते. प्रियदर्शनी हिशेबाच्या कागदावरून मान वर करून म्हणाली, "काका, अहवालात लिहायला लागेल. अण्णांची खबर आधी कुणी दिली?"

"कुणी म्हंजी? तूच की!"

"मी?"

"साईटवर न्हाई का टाकलंस! काळा फोटू, पणती, 'देऊन गेले', खाली सालं. त्यात तू जन्माचं साल चुकवलंस, २०१० टाकलंस. पंधरा वर्साचा अण्णा म्हणून लोक हसले असते. मी फ्लेक्सवर १९६२ करून घेतलं. घाईत व्हतीस, मी काय बोललो न्हाई."

प्रियदर्शनीनं मोबाईलवर पान उघडून बघितलं. आणि तेवढ्यात फाटकाशी एसटी थांबली.

आधी उतरल्या भिवराबाई, अण्णांच्या पत्नी. त्यांना बघताच शेजारच्या छबुबाई धावल्या आणि गळ्यात पडून त्यांनी हंबरडा फोडला. समोरची बाई रडतेय म्हटल्यावर भिवराबाईंनीही रीतीप्रमाणं सूर लावला. चांगलं मिनिटभर रडून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "कोण गेलं गं?"

"अण्णा!"

"कुणाचे अण्णा?"

"तुझे गं बाई!"

भिवराबाईंनी मागं वळून बघितलं. मागं रामहरीअण्णा आंब्यांची पिशवी घेऊन एसटीतून उतरत होते.

रक्तपेढीच्या गाडीतला फ्रीज तेवढा घरघरत राहिला.

अण्णांनी फ्लेक्स वाचला. सावकाश, वरपासून खालपर्यंत. "शहादेव," ते म्हणाले, "फोटू लई बारीक लावलास बे."

मग जो गोंधळ उडाला! भिवराबाई शहादेवकाकांच्या मागं चप्पल घेऊन निघाल्या. "माझं कुंकू पुसायला निघालाय मुडदा!" रांगेतल्या पप्पूनं गावाच्या ग्रुपवर 'अण्णा जिवंत!' टाकलं, त्यावर सवयीनं बावन्न जणांनी हात जोडले. टोळीतला अजिनाथ दंडाचा कापूस दाबत गाडीपाशी गेला. "डॉक्टर, माझी पिशवी परत द्या. अण्णा गेलेच न्हाईत!"

"अजिनाथ," अण्णा म्हणाले, "आगाऊ दिली समज."

सगळे हसले, पण रांग मोडली. दुःखच उरलं नाही म्हटल्यावर बाराच्या बारा लोक अण्णांनी आणलेल्या आंब्यांकडं वळले. चार वाजून वीस मिनिटं झाली. डॉक्टर खोकी आवरू लागले.

"अण्णा, मला माफ करा," प्रियदर्शनी कशीबशी म्हणाली. "नियमात तसंच होतं. मी तुमचे सगळे फोटो काढून टाकले, आणि तुम्हालाही. आणि आता एक पिशवी कमी पडतेय, पाचला आपलं पानच जाईल."

अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "निम्मा अण्णा दिसला असंल लोकांना," ते म्हणाले आणि सदऱ्याची बाही वर करत खाटेकडं निघाले.

डॉक्टरांनी नवा फॉर्म घेतला. "नाव?"

"रामहरी."

"वय?"

"त्रेसष्ट."

"शिबिर कुणाच्या स्मरणार्थ?"

"रामहरी."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्ही मयताचे कोण?"

"लई जवळचा," अण्णा म्हणाले आणि आडवे झाले.

प्रियदर्शनीनं घड्याळ लावलं. वजन एकसष्ट किलो. हिमोग्लोबिन तेरा पूर्णांक चार. पिशवी क्रमांक चाळीस. तीनशे पन्नास मिलिलिटर, सहा मिनिटं दहा सेकंद.