अंबादासकाका आले की टेबल मिटवा

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी तीन वाजून एकतीस मिनिटांनी अंबादास गाजूल मंगळवेढ्याच्या कंट्रोलवर पोहोचले. त्यांनी कार्डावर शिक्का घेतला, दोन केळी खाल्ली, आमच्या यादीवरून बोट फिरवलं आणि सायकल उलटी वळवून सांगोल्याच्या दिशेने निघून गेले. त्यांना जायचं होतं सोलापूरला. सोलापूर दुसऱ्या बाजूला, पंचावन्न किलोमीटरवर होतं आणि तिथला कंट्रोल संध्याकाळी साडेसातला बंद होणार होता.

कंट्रोल म्हणजे रस्त्याच्या कडेला मांडलेलं एक टेबल. लांब पल्ल्याच्या या सायकलफेरीला ब्रेव्हे म्हणतात. ही शर्यत नाही, पहिल्या नंबराला बक्षीस नसतं. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पार करायचं आणि वाटेतल्या प्रत्येक कंट्रोलवर, तो बंद व्हायच्या आत, कार्डावर शिक्का घ्यायचा. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. मध्ये गाडीत बसलात की बाद. मी वर्तमानपत्रात काम करतो. गुडघ्याने सायकल सोडायला लावल्यापासून रविवारी शिक्का आणि यादी सांभाळतो.

अंबादासकाका एकसष्ट वर्षांचे आहेत. त्या दिवसापर्यंत त्यांनी बावीस ब्रेव्हे पूर्ण केल्या होत्या आणि बावीसही वेळा ते शेवटचे आले होते. यात योगायोग नाही. ते कुणालाही मागे टाकत नाहीत. पुढचा माणूस चहाला थांबला की हे शंभर पावलं अलीकडे झाडाखाली उभे राहतात. तो निघाला की निघतात. कंट्रोल बंद व्हायला तीन-चार मिनिटं उरली की लांबवर त्यांचं पिवळं हेल्मेट दिसतं. कुणी वाटेत सोडलं असेल तर ती बातमीही तेच आणतात. "अकरा नंबर टेंपोत बसले. मोजून घ्या." 'मोजून घ्या' हे त्यांच्या अशा प्रत्येक निरोपाच्या शेवटी असतं.

त्यामुळे आमच्यात एक पद्धत पडून गेली होती. अंबादासकाका आले की टेबल मिटवायचं. यादी कोणीच मोजत नव्हतं.

त्यांची सायकल ओळखायला सोपी आहे. सीटवर पिवळा सोलापुरी टॉवेल बांधलेला असतो, एका कडेची वीण चुकलेला. चांगल्या टॉवेलवर बसायचं नाही, हा त्यांचा नियम. सीटखाली लाकडी धोटा लटकतो. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. त्यात जिथे सुताची कांडी बसायची, तिथे आता पंक्चरचे पॅच आणि सोल्यूशनची ट्यूब बसते. फोन असतो, पण बंद करून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. फोन चालू असला की ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

काय ऐकू येत नाही, हे कळायला मला दोन वर्षं लागली. आमच्या क्लबच्या प्रमुख डॉ. अंजली शेटे दातांच्या डॉक्टर आहेत. त्यांची सायकल परदेशी आहे. एका पहाटे काकांनी तिच्याकडे न बघताच सांगितलं, "मॅडम, मागचं चाक बोलायलंय." डॉक्टर हसल्या. पुढच्या आठवड्यात त्या चाकाचं बेअरिंग गेलं. तेव्हापासून फेरी सुटण्याआधी क्लबमधले इंजिनिअर, वकील, प्राध्यापक आपापल्या सायकली त्यांच्यासमोरून एकेकदा फिरवून नेतात. काका डोळे मिटून उभे असतात. बहुतेकांना नुसतं "जावा" म्हणतात. एखाद्याला "तुमी थांबा" म्हणतात आणि तो माणूस परीक्षेत नापास झाल्यासारखा बाजूला होतो.

ते टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. एकाच शेडमध्ये एकतीस वर्षं. अठ्ठेचाळीस यंत्रमागांच्या खडखडाटात माणसं खुणांनी बोलायची. मी एकदा विचारलं, एवढ्या गोंगाटात कुठला माग बिघडलाय हे कसं कळायचं?

"चालू मागाचा आवाज येत नाय, सर," ते म्हणाले. "अट्ठेचाळीस चालू असले की कानाला कायच नसतंय. एक बंद पडला की तेवढाच ऐकू येतो की."

पाळी संपली की शेडमध्ये सगळ्यांत शेवटी एक चक्कर मारून तेच दार ओढायचे. कारखाना बंद झाला तेव्हाही दार त्यांनीच ओढलं. शुक्रवार पेठेत, माझ्या घरापासून तिसऱ्या गल्लीत, माडीवरच्या एका खोलीत ते एकटे राहतात. लग्न झालेलं नाही. कारण मी विचारलेलं नाही.

जानेवारीत त्यांनी मला त्या खोलीत नेऊन भिंतीतला एक खिळा दाखवला. नवा, नीट ठोकलेला, रिकामा. एका हंगामात दोनशे, तीनशे, चारशे आणि सहाशे किलोमीटरच्या चारही ब्रेव्हे पुऱ्या केल्या की एक पदक मिळतं. आधीच्या हंगामांत त्यांच्या कधी एक, कधी दोन राहून गेल्या होत्या. या वेळी तीनशे झाली, चारशे झाली, सहाशेही झाली. सगळ्यांत सोपी दोनशेची तेवढी तापामुळे हुकली होती. हंगामातली दुसरी आणि शेवटची दोनशेची फेरी फेब्रुवारीत होती. पदक अजून यायचंय, मी म्हणालो. ते म्हणाले, खिळा आधी लागतो.

त्या रविवारी सकाळी सहाला सोलापुरातून चौतीस जण सुटले. मंगळवेढा, सांगोला, पुढे शंभराव्या किलोमीटरला वळसा आणि त्याच वाटेने परत. जाताना वारा पाठीशी होता. परतीला तो समोरून आला आणि ऊनही वाढलं. मंगळवेढ्याचा परतीचा कंट्रोल तीन चाळीसला बंद होणार होता.

काका तीन एकतीसला आले, म्हणजे नऊ मिनिटं आधी. इतक्या लवकर ते कधी आले नव्हते. मी शिक्का मारला आणि सवयीने टेबलाचा एक पाय दुमडला. डॉ. शेट्यांनी केळ्यांची पेटी गाडीत ठेवली. काकांनी यादी वाचायला मागितली. त्यांचं बोट सत्तावीस नंबरवर थांबलं. पुढची चौकट कोरी होती.

सत्तावीस नंबर म्हणजे ऋतुजा पवार. बँकेत नोकरी, वय सव्वीस, पहिलीच ब्रेव्हे. वळशाच्या कंट्रोलवरून ती काकांच्या आधी दहा मिनिटं निघाली होती. म्हणजे ती त्यांच्या पुढे असायला हवी होती. पुढे नव्हती. काकांनी तिला मागे टाकलं होतं आणि त्यांना ते कळलं नव्हतं.

मी टेबलाचा पाय पुन्हा उघडला. तिचा फोन लावला, तो बंद होता. डॉक्टर म्हणाल्या, आम्ही गाडी घेऊन बघतो, तुम्ही पुढे व्हा. मी घड्याळ दाखवलं. चार तास आणि पंचावन्न किलोमीटर, समोरून वारा. काकांच्या चालीने जेमतेम जमणार होतं. मागे गेलेला प्रत्येक किलोमीटर दुप्पट पडणार होता.

काकांनी कार्ड खिशात ठेवलं. "पाच किलोमीटर मागं टकटक ऐकली होती," ते म्हणाले. "सायकल हातानं ढकलत नेल्यावर येती तशी. ज्वारीतनं. वाटलं, विहिरीवरच्या मोटारीचा आवाज असंल." मग सायकल वळवत म्हणाले, "आज माजं लक्ष खिळ्यात होतं, सर."

आणि ते सांगोल्याच्या दिशेने गेले.

तीन चाळीसला कंट्रोल बंद झाला. पंचेचाळीसला आम्ही गाडी काढली. डॉक्टर चालवत होत्या, मी डावीकडे बघत होतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काढणीला आलेली ज्वारी पुरुषभर उंच उभी होती. पाच किलोमीटर झाले, सहा झाले. तोपर्यंत निदान काका तरी दिसायला हवे होते. तेही दिसले नाहीत. आम्ही वीस किलोमीटरपर्यंत गेलो. दोन ढाबे, एक पंप, एक टायरवाला. पिवळं हेल्मेट घातलेला म्हातारा किंवा सायकलवरची मुलगी कुणी पाहिली नव्हती. टायरवाल्याने विचारलं, बाप-लेक हायती काय? डॉक्टर म्हणाल्या, नाही.

आता दोन जण बेपत्ता होते.

अर्जांची फाईल माझ्या मांडीवर होती. प्रत्येक अर्जात तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं त्याचं नाव, नंबर आणि नातं लिहायचं असतं. ऋतुजाच्या अर्जावर बार्शीला राहणाऱ्या आईचा नंबर होता. डॉक्टर म्हणाल्या, आत्ता नको, अजून पंधरा मिनिटं थांबू. मग मी काकांचा अर्ज काढला. नंबर सोलापूरचाच होता, जुना, घरोघरी असायचा तसल्या फोनचा. मी लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं बाईच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात ऐकू आलं. मी नावाचा रकाना वाचला. तिथे काकांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: शेड नंबर दोन. नात्याच्या रकान्यात: जॉबर.

मी आधीचे अर्ज उलटले. सगळ्यांवर तेच होतं. ते बावीस अर्ज मीच तपासून घेतले होते.

डॉक्टरांनी गाडी वळवली. परत येताना त्या तीसच्या वर गेल्या नाहीत. काचा खाली होत्या. चार पस्तीसला, मंगळवेढ्याच्या अलीकडे पाचेक किलोमीटरवर, बाभळीच्या फांदीवर पिवळा टॉवेल दिसला. जाताना तो तिथे नव्हता. टॉवेलच्या शेजारून एक गाडीवाट ज्वारीत शिरत होती.

वाटेच्या शेवटी पत्र्याचा गोठा होता. गोठ्याच्या सावलीत, पोत्यावर ऋतुजा पडली होती. कपाळावर ओला फडका होता. ऊन लागून दोनदा उलटी झाली, फोनची बॅटरी संपली, म्हणून ती सावली बघून सायकल ढकलत आत आली होती आणि बसली ती उठू शकली नव्हती. गोठ्याच्या मालकीणबाई तिला तांब्याने घोट घोट पाणी पाजत होत्या. डॉक्टर लगेच नाडी बघायला पुढे झाल्या, तेव्हा बाईंनी त्यांनाच दटावलं. "आदी पानी पिऊ द्या की तिला. तुमी कोन?"

काका दहा फुटांवर बसले होते. त्यांनी ऋतुजाची सायकल उलटी करून ठेवली होती आणि हाताने पॅडल फिरवत, मान तिरकी करून, चाक ऐकत होते.

डॉक्टरांनी तिला तपासलं. शुद्धीत होती, बोलत होती, पण सायकल चालवण्यासारखी नव्हती. तिला गाडीत बसवायचं ठरलं. तिने एकदाच विचारलं, गाडीत बसले की बाद ना? डॉक्टर हो म्हणाल्या. ती रडायला लागली. काका तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुमची चेन चांगली हाय. पुढच्या वेळंला हीच ठेवा."

मग डॉक्टरांनी काकांनाही गाडीत यायला सांगितलं. सायकली टपावर बांधता येतील. सोलापूर साठ किलोमीटर, घड्याळात चार पन्नास. वेळेत पोहोचणं आता शक्य नव्हतं आणि ते तिघांनाही माहीत होतं. काकांनी बाभळीवरचा टॉवेल सोडला, झटकला, सीटवर बांधला. "मी येतो की मागनं," ते म्हणाले. "मोजून घ्या."

सोलापूरचा कंट्रोल साडेसातला बंद झाला. बत्तीस जण वेळेत आले होते. ते कार्ड जमा करून, फोटो काढून घरी गेले. साडेसात वाजून एका मिनिटाने मी टेबल मिटवायला घेतलं. ऋतुजा शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. दवाखान्यात सलाईन लावून झाल्यावर डॉक्टरांनी तिला घरी जायला सांगितलं होतं आणि ती गेली नव्हती. तिने टेबलावर हात ठेवला.

"एक जण यायचाय अजून," ती म्हणाली.

मी सांगितलं, कंट्रोल बंद झालाय, आता शिक्का चालत नाही. ती म्हणाली, शिक्का नका मारू, टेबल राहू द्या. मी टेबल राहू दिलं. पावणेआठ झाले. आठ झाले. डॉक्टर दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आल्या. ऋतुजाने यादी मागून घेतली आणि पेनाचं टोपण काढून ठेवलं. मंगळवेढ्याकडून येणाऱ्या प्रत्येक दिव्याकडे ती उठून बघत होती. बहुतेक दिवे मोटारसायकलींचे निघाले.

आठ वाजून सत्तावीस मिनिटांनी पिवळं हेल्मेट दिसलं. काका टेबलाजवळ उतरले. टेबल उभं बघून त्यांनी मला वेळ विचारली. मी सांगितली. सत्तावन्न मिनिटं उशीर. त्यांनी कार्ड काढलंच नाही. ऋतुजाने यादीवर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि काकांच्या एकोणीस नंबरसमोर खूण केली.

"चौतीस," ती म्हणाली. "मोजून घेतले."

काका यादीकडे बघत उभे राहिले. मग टॉवेल सोडून त्यांनी त्याने तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिले.

निकाल दुसऱ्या दिवशी लागला. एकोणीस नंबर: वेळेबाहेर. सत्तावीस नंबर: अपूर्ण. भिंतीतल्या खिळ्यावर सध्या हेल्मेट असतं. क्लबने टेबल मिटवण्याआधी यादी मोजायचा नियम केला आहे.

पुढच्या हंगामातल्या पहिल्या दोनशेसाठी अंबादास गाजूल यांचा अर्ज मागच्या गुरुवारी माझ्याकडे आला. तो मी या वेळी पूर्ण वाचला. तातडीच्या वेळी कळवायच्या व्यक्तीचं नाव: ऋतुजा पवार. नंबर मोबाईलचा आहे. मी लावून बघितला, तो लागला. नात्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं आहे: पुढे असते.