कुंकवाचा पाईप

पाईपाला कुंकू लावायचं इंद्रायणीनं ठरवलं, तेव्हा त्यात धर्माचा काडीचाही संबंध नव्हता. संबंध होता तो आरोग्यशास्त्राचा. मॅट्रिकला त्या विषयात तिला शंभरापैकी ब्याऐंशी मार्क होते. चिमू झाल्यापासून मात्र तिला वाटू लागलं होतं, की गेलेल्या अठरा मार्कांत नेमकं पाण्याचंच प्रकरण असणार.

तिचं घर चाकांवर होतं. यशवंतराव मोजणीच्या कामावर ओव्हरसियर. चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखाने येणार, त्यांच्या जमिनी मोजायच्या, म्हणून खात्यानं लष्कराच्या लिलावातली एक जुनी रुग्णवाहिका त्यांना राहायला दिली होती. आत दोन बाकं, एक स्टोव्ह, एक बेसिन. टपावर पिण्याच्या पाण्याची टाकी. बेसिनचं सांडपाणी गाडीच्या पोटाखालच्या दुसऱ्या टाकीत जायचं. ‘नळ सोडला की घरात पाणी येतं’ असं तिनं माहेरी कौतुकानं लिहिलं होतं. (ते पुढं कुठं जातं, हे लिहिलं नव्हतं.)

गणपती उठल्यापासून गाडी तळवड्यात शालनबाईंच्या बांधावर उभी होती. वरची टाकी त्यांच्या विहिरीवरच्या हातपंपानं भरायची, खालची लांबच्या खड्ड्यात रिकामी करायची. दोन्ही कामांना एकेक रबरी पाईप. दोन्ही काळे, एकाच गुंडाळीतून कापलेले, सख्ख्या जुळ्यांसारखे. आणि ते हाताळायचा एकच माणूस, ड्रायव्हर सोनबा.

इंद्रायणीला स्वप्नंसुद्धा पाईपांची पडू लागली. एके दिवशी चुकून सांडपाण्याचा पाईप वरच्या टाकीत गेला तर? चिमू आठ महिन्यांची. तिनं आधी चांगल्या पाईपाला तांबडी चिंधी बांधली, ती शालनबाईंच्या शेळीनं खाल्ली. दौतीतली शाई लावली, ती धुऊन गेली. शेवटी तिनं तेलात कुंकू कालवून पाईपाच्या तोंडाला बोटभर रुंद पट्टा ओढला, आणि सोनबाला बोलावून नियम सांगितले.

“सोनबा, कुंकू लावलेला पाईप वेगळा. तो जमिनीवर टाकायचा नाही.”

“न्हाई टाकनार.”

“त्याला पाय लागता कामा नये. काम झालं की उंच जागी, कोरड्यात टांगायचा. आणि हातपाय धुतल्याशिवाय शिवायचं नाही.”

“व्हय, वैनी.” सोनबानं पायातल्या वहाणा काढल्या. “आगुदर सांगितलं असतं, तर असा पायदळी येऊ दिला नसता.”

माणूस किती समजूतदार, असं इंद्रायणीच्या मनात आलं. रोज पहाटे टपावर पावलं वाजत, टाकीत पाणी पडल्याचा आवाज येई, आणि ती कूस बदलून चिमूला जवळ घेई. गेलेले अठरा मार्क परत मिळाल्यासारखी तिला झोप लागे.

दसऱ्याला दुपारी यशवंतरावांचे साहेब सोनं द्यायला आले, बरोबर त्यांच्या पत्नी सुमनताई. सुमनताई पुण्यात बंगल्यात राहायच्या आणि चाकांवरचं घर बघायला मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी नळ तीनदा सोडून तीनदा बंद केला आणि श्रीखंड-पुरीवर दोन पेले पाणी प्यायल्या.

“पाणी छान आहे हो तुमचं,” त्या म्हणाल्या. “मऊ लागतं.”

इंद्रायणीनं नम्रपणे खाली पाहिलं. (मऊ पाण्याचं श्रेय कसं घ्यायचं, हे आरोग्यशास्त्रात नव्हतं.)

पाहुण्यांना निरोप देऊन ती गाडीला वळसा घालून मागं आली आणि जागीच थबकली. मागच्या खुंटीवर दोन्ही पाईप शेजारी शेजारी टांगलेले होते. दोघांच्या गळ्यात झेंडूची माळ. दोघांच्या तोंडाला कुंकू.

तिला उलगडा व्हायला वेळ लागला नाही. काल खंडेनवमी. सोनबानं हत्यारांची पूजा केली होती. स्टिअरिंगला, पान्यांना, मोजणीच्या साखळीला, यशवंतरावांच्या दुर्बिणीला कुंकू लावलेलं तिनं पाहिलं होतं, वर प्रसादही खाल्ला होता. गाडीच्या मागं मात्र ती फिरकली नव्हती. आज पहाटे टाकी भरून सोनबा चाकणच्या पलीकडं त्याच्या गावी गेला होता, तो परवा येणार.

“अहो,” ती आत येऊन म्हणाली, “आज टाकी कोणत्या पाईपानं भरली?”

“कुंकवाच्या.” यशवंतराव चिमूला मांडीवर घेऊन बसले होते.

“दोन्ही कुंकवाचे आहेत.”

यशवंतरावांनी हातातला चमचा हळूच वाटीत ठेवला. काही कबूल करायच्या आधीची ती पद्धत इंद्रायणीला ओळखीची होती.

“चिमूला पाणी कुठलं दिलंत?”

“उकळलेलं संपलं होतं. तू श्रीखंडात होतीस.”

“किती दिलंत?”

“तीन चमचे. एक तिनं थुंकला.” वाटीकडं बघत ते म्हणाले, “थुंकला म्हणण्यापेक्षा सांडला.”

त्या संध्याकाळी तळवड्यात लोक सोनं वाटत होते आणि इंद्रायणी टाकी रिकामी करत होती. (एक तांब्या तेवढा पुराव्यासाठी झाकून ठेवला.) मग तिनं नळ उकळत्या पाण्यानं धुतला, चिमूचं पोट सात वेळा चाचपलं आणि वहीत वेळा मांडून कोष्टक आखलं. ती भांडी घेऊन विहिरीवर गेली, तेव्हा शालनबाई तिथंच होत्या. त्यांना सगळं सांगितल्यावर त्या हसल्या.

“पान्यानं काय व्हतंय गं पोरी? माझी सात पोरं ह्या मातीत लोळून, वढ्याचं पानी पिऊन मोठी झाली.”

इंद्रायणीला जरा धीर आला. “सातही?”

“सात व्हय. हुती नऊ.”

इंद्रायणीनं घरी येऊन कोष्टकात आणखी दोन रकाने वाढवले.

दुसऱ्या दिवशी तिनं यशवंतरावांना साहेबांकडं पाठवलं. सुमनताईंची प्रकृती विचारून यायची, पण का विचारतोय हे कळू द्यायचं नाही. यशवंतरावांनी तासाभरात चार वेळा विचारलं. चौथ्या वेळी साहेबांनी पेन खाली ठेवलं. “यशवंतराव, रजा हवी असेल तर सरळ मागा. माझ्या बायकोच्या प्रकृतीवरून कशाला येता?” आणि दोन दिवसांची रजा दिली. ती घेऊन ते परतले, तेव्हा इंद्रायणी चिमूला उताणी निजवून तिची जीभ पाहत होती. चिमूही आईची जीभ पाहायला मिळेल या आशेनं तोंड वासून होती.

“साहेबांच्या घरी सगळं ठीक आहे,” यशवंतराव म्हणाले.

“मोठ्यांचं काय, त्यांना दोन दिवसांनीही होतं,” इंद्रायणी म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. एवढासा जीव राखायला आपल्याला दिला, आपण काय केलं, तर कुंकवाची रेघ ओढली.  यशवंतराव उठले आणि रजेच्या दिवशीही करायला कुणी सांगितलं नव्हतं ते काम, म्हणजे चिमूचं कोष्टक, भरू लागले. सगळ्या रकान्यांत त्यांनी ‘ठीक’ लिहिलं, न बघता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सोनबा आला, हातात गावाकडची काकडी घेऊन. इंद्रायणीनं त्याला वहाणासुद्धा काढू दिल्या नाहीत.

“सोनबा, दसऱ्याला टाकी कोणत्या पाईपानं भरलीस?”

सोनबा गोंधळला. “पायपानं? पायपानं कशाला भरीन वैनी?”

“मग?”

“घागरीनं. तांब्याच्या. शिडीवरनं वर न्हेतो. तुमी सांगितल्यापासनं रोज.”

“मी काय सांगितलं?”

“आता घ्या. त्याला कुंकू लावलंत. खाली टाकू नगं, पाय लावू नगं, हातपाय धुतल्याबिगर शिवू नगं म्हनालात. असल्या देवाच्या वस्तूला कामाला जुंपायचं व्हय? रोज सांजच्याला उदबत्ती ववाळतो मी त्याला.” तो जरा दुखावला होता. “त्या दुसऱ्यानं आपली खालची घान काढतो. पर नवमीला त्यालाबी लावलं कुंकू. म्हनलं, राबतंय बिचारं.”

इंद्रायणी बाकावर बसली. महिनाभर टपावर वाजलेली ती पावलं घागर घेऊन चढणाऱ्या माणसाची होती. पाईप टाकीजवळ गेलाच नव्हता. ती इतकी हसली, की चिमूही दचकून हसू लागली. यशवंतरावांनी सुटकेचा श्वास टाकून पुराव्याच्या तांब्यातलं पाणी पेल्यात घेतलं.

“आणि मी पानी तसंच न्हाई वतलं,” सोनबाला आता हुरूप आला होता. “विहिरीत पाला पडतोय. घागरीच्या तोंडाला फडकं बांधून, गाळून वतलं.”

“बघा,” इंद्रायणी नवऱ्याला म्हणाली. “शिकलेली माणसं असं करत नाहीत. कुठलं फडकं, सोनबा?”

“ते काय, ताडपत्रीखाली दोरीवर असत्यात, मऊ मऊ. त्यातलंच एक घ्यायचो. झालं की पिळून परत तिथंच.”

ताडपत्रीखालच्या दोरीवर फक्त चिमूची बाळोती वाळत असत. रोज त्यांतलं एक ओलंच कसं राहतं, हे कोडं इंद्रायणीला महिनाभर सुटलं नव्हतं, त्यापायी तिनं तळवड्याच्या हवेला दोष दिला होता.

यशवंतरावांनी पेला तोंडाशी नेला होता. तो तिथंच थांबला.

“प्या,” इंद्रायणी म्हणाली. “वीस मिनिटं उकळते मी ती रोज. या घरात त्यांच्याइतकं स्वच्छ काही नाही.” आणि बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं, की हे अगदी खरं आहे.

यशवंतराव प्यायले. (अर्धाच पेला. उरलेलं पाईपांवरच्या झेंडूला घातलं.)

दुपारी साहेबांचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला. सुमनताईंचं अक्षर. त्या ठणठणीत होत्या. इतकंच नव्हे, दसऱ्यापासून त्यांची जुनी आम्लपित्ताची जळजळ थांबली होती आणि हा तुमच्याकडच्या पाण्याचाच गुण, अशी त्यांची खात्री होती. इतकं मऊ पाणी गाळल्याशिवाय होत नाही, तेव्हा आता घरचंही तसंच गाळून घ्यावं म्हणतात, तरी कापड कोणतं वापरता ते सविस्तर कळवावं.

इंद्रायणीनं टाक घेतला. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. शिपाई दारात ताटकळला, तेव्हा तिनं एकच ओळ ठेवली: ‘पांढरं, सुती, उकळलेलं. शक्यतो वापरातलं.’