भेगेचं बिऱ्हाड

द्वारकाबाई शेट्यांच्या ओट्याशी जन्मलेली भेग पाडवा झाल्यावर शेजारच्या शकूकडे राहायला निघाली. गावाचा नियम सरळ होता. भेगेचं टोक ज्या घरात, भेग त्या घरची. आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाला पहिलं कुंकू त्या टोकाला, दुसरं तिच्या मालकिणीला. हा मान आजवर द्वारकाबाईंचा.

टोक सामाईक भिंतीकडे वळलं, तशी बाईंनी गवंडी बोलावून तिच्या वाटेतली भिंत आरशासारखी गुळगुळीत करून घेतली. भेग त्यातून सुरीसारखी सरळ सुटली.

नगरपालिकेचे भेगनिरीक्षक ठोंबरे भिंतीला कान लावून म्हणाले, "बाई, तुमची भिंत एकजात सिमेंटची. अडायला काही नाही, वळायला काही नाही. कंटाळली ती."

"आणि त्या शकूच्या भिंतीत काय सोनं पुरलंय?"

"विटांचे तुकडे, खडी, शिंपले, फुटकी कौलं. बोटाबोटाला वेगळं. तिथे भेग अडखळते, वळसे घेते, खरबरीत होते. तेच आवडतं तिला."

"भंगार आवडतं म्हणा की."

"कार्यालय तसा शेरा मारत नाही."

खिडकीतून शकू म्हणाली, "काकू, मी नाही हो बोलावली. आपणहून येतेय."

"हो गं बाई. तुझ्याकडे सगळं आपणहूनच येतं."

मग द्वारकाबाई भेगेच्या वाटेवर भिंतीला पाठ लावून बसल्या आणि जेवायलाही उठल्या नाहीत. त्यांच्या पोटात शकूचं कधीच न बुरसणारं लोणचं होतं, शकूचा गावातच राहिलेला मुलगा होता, आणि शकू तापानं फणफणली तेव्हा स्वतःच नेऊन दिलेली पेजही होती. एकाचा एकाशी मेळ नव्हता.

भेग त्यांच्या खांद्यामागे थबकली. जरा चाचपडली. मग आत वळली.

मानेवरून गालावर आली तेव्हा ती चांगलीच दातेरी झाली होती. दोन फाटेही फुटले होते. ठोंबऱ्यांनी दोरी लावून पाहिलं आणि स्थलांतर मंजूर केलं.

हळदीकुंकवाला बायकांनी पहिलं कुंकू बाईंच्या डाव्या डोळ्याखाली लावलं, दुसरं कपाळाला. शकू सगळ्यांत शेवटी आली. तिची नजर गालावरून हलेना.

"काय वळणं घेतलीत हो काकू हिनं," ती म्हणाली आणि गळाभेटीला पुढे सरली.

द्वारकाबाईंनी तिला हातानंच थोपवलं.

"लांबूनच बोल, शकू. तुझ्यातही आता पुष्कळ काय काय साठलंय."