दोन नेते आणि दोन दारं

शिखर परिषदांचा इतिहास मी कोळून प्यायलो आहे. देश भांडतात सीमेवरून, पण नेते अडतात दारात! आधी आत कोण जाणार, यावर! एकदा तर म्हणे तीन बडे नेते तीन दारांनी एकाच क्षणी आत आले, तेव्हा कुठे बैठक सुरू झाली. त्यामुळे अकरा वर्षं अबोला धरलेल्या दोन देशांचे नेते आमच्या सभागृहात भेटणार म्हटल्यावर मी व्यवस्थापकसाहेबांना छातीठोकपणे सांगितलं, "दाराचं माझ्यावर सोडा!"

माझी नोकरी तेव्हा कंत्राटी होती. भेट नीट पार पडली असती, तर पुढच्या सगळ्या बैठका इथेच होणार होत्या आणि मी कायम होणार होतो. बायकोने शेजारणीला सांगूनही टाकलं होतं.

सभागृहाला दार एकच. माझा मेहुणा सुतार. त्याने आठ फुटांवर हुबेहूब दुसरं बसवलं. बाहेर व्हरांड्यात मधोमध पडदा, नेते एकमेकांना आधी दिसू नयेत म्हणून. दोन्ही दारं एकदम उघडावीत यासाठी मी आतून दोन्ही कड्यांना एकच दोरी बांधली. मधोमध ओढली की झालं! तेवढ्यात पाहतो तर नवं दार उजळ दिसतंय. एका बाजूला उजळ दार म्हणजे पुन्हा भांडण! आदल्या संध्याकाळी दोन्ही दारांना मी रंगाचा जाड हात द्यायला लावला.

"दाजी, दारं उघडी ठेवू. वाळू देत," मेहुणा म्हणाला.

"धूळ बसेल. लाव!"

नवं दार चपखल बसलं. जुनं मुळातच वाकडं, रेटल्याशिवाय ते पुरतं लागायचं नाही.

सकाळी दहाला मी दोरी ओढली. जुनं दार धाडकन उघडलं. नवं ढिम्म!

"थांबा साहेब!" जुन्या दारातला सचिव ओरडला. त्याच्या नेत्याचा पाय हवेतच राहिला. "आधी आत गेलो तर आपणच उतावीळ ठरू!"

नव्या दारामागून दुसरा सचिव गरजला, "त्यांना उघडं आणि आम्हाला बंद? आम्ही परत निघालो!"

मी नव्या दाराकडे धावलो. पण प्रश्न दाराचा नव्हताच, बरोबरीचा होता! "एक मिनिट हं साहेब," म्हणत मी जुनं दार नेत्याच्या तोंडावर लावलं आणि खांद्याने रेटून घट्ट बसवलं.

"अहो दाजी, रंग ओला आहे!"

झाली बरोबरी! दोन्ही दारं चिकटली. दोरी ओढली तर कडीच हातात आली. आत मी, मेहुणा आणि दोन रिकाम्या खुर्च्या.

बाहेर आरडाओरडा झाला, मग पडदा पडल्याचा आवाज आणि मग चक्क हसणं! नंतर कळलं, दोन्ही नेते व्हरांड्यात राहिलेल्या रंगकामाच्या बाकावर शेजारी शेजारी बसून बोलत होते. मी दाराला कान लावला. कानाला रंग लागला.

तासाभराने मेहुण्याने पटाशीने दार सोडवलं. बाहेर व्यवस्थापकसाहेब कागद घेऊन उभे होते.

"एका मुद्द्यावर एकमत झालं. दोघांनी ताबडतोब सह्या केल्या!"

"कोणता मुद्दा, साहेब?"

साहेबांनी वाचून दाखवलं, "यापुढची एकही बैठक या इमारतीत होणार नाही."

बाकीच्या बावीस मुद्द्यांवर चर्चा चालू आहे म्हणे. मी हल्ली मेहुण्याच्या हाताखाली असतो. दाराचं काम तेवढं तो मला देत नाही!